एक चाळीसचा फोन

३ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. गुडघ्याला आराम आहे हे वाचून बरं वाटलं. छापखाना सोडून एवढी वर्षं झाली तरी तुमचं अक्षर अजून खिळे जुळवून छापल्यासारखं येतं. माझं बघा, विद्यार्थी म्हणतात की मॅडमच्या शेऱ्यांसाठी वेगळा नकाशा द्या.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचं वजन थोडं उतरलंय, पण जेवतात व्यवस्थित. मला सकाळी ओळखतात, दुपारी 'बाई' म्हणतात. परवा डॉक्टर तपासायला आले तर बाबांनी टेलिफोन ऑपरेटरच्या जुन्या सवयीने त्यांनाच विचारलं, "कुठला नंबर हवाय?" डॉक्टरही गमतीचे, त्यांनी स्वतःच्या घरचा नंबर सांगितला. बाबांनी हवेतच वायर खोचली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "एंगेज आहे." डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. या वेळी बायको तिच्या बहिणीशी बोलत असते." आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले. कशाला हसतोय ते त्यांना कळलं नसेल, पण हसले.

तुम्ही विचारलंत, की भूगोलाच्या लोकांना टेलिफोनच्या जुन्या चिठ्ठ्या कशाला लागतात. बाबांच्या वेळी परगावचा कॉल लावायचा तर ऑपरेटर त्याची चिठ्ठी फाडत असे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुठून, कुठे, किती वाजता, किती मिनिटं. एक्स्चेंज बंद झाल्यावर ते गठ्ठे तळघरात सडत पडले होते. आमच्या विभागाने ते उचलून आणले. एका गावातून दुसऱ्या गावात महिन्याला किती कॉल गेले ते आम्ही मोजतो आणि नकाशावर रेघा काढतो. कॉल जास्त तर रेघ जाड. अशा शे-दोनशे गावांच्या रेघा काढल्या की मजा दिसते. सरकारी नकाशावरच्या हद्दी एकीकडे आणि माणसांच्या बोलण्याच्या हद्दी भलतीकडे. शेजारची दोन गावं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत, आणि डोंगरापलीकडच्या शहराशी दोघंही दिवसभर बोलतात. बातमी जवळच्या वाटेने जात नाही भावोजी, सवयीच्या वाटेने जाते. मी हे दरवर्षी वर्गात शिकवते आणि दरवर्षी मुलं ते वहीत लिहून घेतात.

आपल्या खोऱ्याचं काम झालं का, असंही तुम्ही विचारलंय. चालू आहे. पुराच्या दिवसाचा वेगळा नकाशा करायचा असं विभागात ठरलंय. त्याबद्दल सवडीने लिहीन.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येताय म्हणालात. नेहमीप्रमाणे चार दिवस. या खेपेला जरा पुढे ढकलता येईल का? घराला रंग काढायचा विचार आहे, त्या वासाने तुम्हाला खोकला होईल. बाबांनाही पाहुण्यांची दगदग सोसत नाही हल्ली. म्हणजे तुम्ही पाहुणे नाही, ते मला कळतं. पण मे-जूनमध्ये आलात तर निवांत बसता येईल, एवढंच.

तब्येतीला जपा.

तुमची,
मेहुणी

*

१९ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

तुम्ही पोस्टकार्डावर चारच ओळी लिहिल्यात. "जन्म शाईच्या वासात गेला, रंगाचा वास मला काय करणार? तू काहीतरी लपवते आहेस. बाबांचं काही गंभीर असेल तर स्पष्ट कळव." तेव्हापासून कार्ड टेबलावर आहे आणि मी त्याच्याभोवती घिरट्या घालते आहे. तीन पत्रं लिहून फाडली. हे फाडणार नाही, म्हणून शाईच्या पेनाने लिहायला बसले आहे आणि विभागाच्या खोलीला आतून कडी लावली आहे.

बाबांच्या तब्येतीचं काही नाही. पण गोष्ट बाबांची आहे. आणि माझीही.

माझी एक विद्यार्थिनी आहे, हुशार आणि चिवट. पुराच्या दिवसाच्या चिठ्ठ्या मी तिच्याकडे सोपवल्या होत्या. स्वतःकडे ठेवायला हव्या होत्या, असं आता वाटतं. पण मग लोकांना वाटलं असतं, मॅडमची बहीण त्या पुरात गेली म्हणून त्या हात लावू देत नाहीत. शिवाय त्यात काही सापडेल असं मला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की ती चिठ्ठी बाबांनी कधीच फाडून टाकली असेल.

गेल्या महिन्यात ती माझ्या खोलीत आली. हातात एक पिवळी पडलेली चिठ्ठी.

"मॅडम, चौकशी अहवालात लिहिलंय की वरच्या गावातून खालच्या गावाला जाणारी लाइन एक वाजल्यापासून बंद होती."

"हो. मग?"

"मग ही एक चाळीसची चिठ्ठी कशी? वरून खाली. सार्वजनिक फोनवरून औषधांच्या दुकानात. तीन मिनिटं. सहीसुद्धा आहे ऑपरेटरची."

मी चष्मा पुसला. दोनदा पुसला. बाबांची ती वळणदार सही मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं बघितली आहे.

"तारीख चुकली असेल," मी म्हटलं. "गडबडीचा दिवस होता. वगळ ती."

"पण आधीच्या आणि नंतरच्या चिठ्ठ्यांचे नंबर जुळतायत, मॅडम."

"वगळ म्हटलं ना!"

इतक्या वर्षांत मी कुठल्याच विद्यार्थ्यावर आवाज चढवलेला नाही. ती गेली, आणि तिने तक्त्यात वर ते खाली या चौकटीत शून्य भरलं. मी ते शून्य बघितलं. त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही. डोळा लागला की ताई मला मोठ्याने काहीतरी विचारते, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडते तेव्हा मला प्रश्नच आठवत नाही.

भावोजी, लाइन बंद नव्हती. साडेतीन वाजता खांब वाहून गेले तेव्हा ती बंद पडली. एकपासून साडेतीनपर्यंत लाइन चांगली चालू होती. बाबांनी चौकशीत शपथेवर जे सांगितलं ते खोटं होतं. आणि एक चाळीसचा तो कॉल माझा होता.

आता सगळं क्रमाने लिहिते.

मी सतरा वर्षांची होते. सुट्टीच्या दिवसांत बाबांचा डबा वरच्या गावच्या, आमच्या एक्स्चेंजमध्ये पोचवायचं काम माझ्याकडे होतं. तुम्हाला घरी माझं काय नाव होतं ते आठवत असेल: दवंडी. पोटात काही राहायचं नाही माझ्या. तुमचं आणि ताईचं ठरलंय ही गोष्टसुद्धा मीच आईला सांगून टाकली होती आणि मग दोन वर्षं बाबांनी ताईचं नाव घेतलं नाही. तुम्ही दोघांनी मला कधी बोल लावला नाहीत. मी स्वतःला लावला. या घरात तोंड उघडलं की काहीतरी मोडतं, हे मी त्या वयात शिकले.

त्या दिवशी वरच्या डोंगरात तिसरा दिवस पाऊस कोसळत होता. आमच्या गावात नुसतं ढगाळ. मी दीडच्या आत डबा घेऊन गेले तर बाबा बोर्डासमोर हेडफोन लावून बसलेले. मला म्हणाले, "दार लाव." मी लावलं. धरणावरच्या इंजिनियरांनी शहरातल्या मुख्य कचेरीला केलेला कॉल त्यांनी नुकताच जोडून दिला होता, आणि जोडताना ऐकला होता. अडीचला सगळे दरवाजे उघडणार होते.

मी म्हटलं, "खाली सांगितलं?"

"शहरातून खाली कळवतील. तशी पद्धत आहे."

"ताई खाली नदीच्या गल्लीत राहते, बाबा."

दोन वर्षांत त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा 'ताई' म्हटलं. ते बोर्डाकडेच बघत राहिले. म्हणाले, "शहरातून कळवतील. ते त्यांचं काम आहे. तू कुणाला एक शब्द बोलायचा नाही."

त्याला कारण होतं, तेही तुम्हाला माहीत आहे. आदल्या वर्षी असंच कोणीतरी धरण फुटलं म्हणून फोनवरून ओरडलं, पुलावर पळापळ झाली आणि एक म्हातारी चेंगरून मेली. अफवा एक्स्चेंजमधून सुटली असं ठरलं आणि बाबांना महिनाभर घरी बसवलं. त्यानंतर बाबा नियमाच्या बाहेर श्वाससुद्धा घेत नव्हते.

आज माझ्या नकाशावर मला सगळं लख्ख दिसतं. वरच्या गावापासून खालचं गाव अठरा किलोमीटर. शहर नव्वद किलोमीटर, डोंगरापलीकडे. धरणाचा निरोप आधी नव्वद किलोमीटर वर गेला, तिथे साहेब जेवायला गेले होते ते परत आले, सही झाली, आणि मग निरोप दुसऱ्या वाटेने खाली यायला निघाला. पाणी सरळ आलं. पावणेचारला पाणी तुमच्या गल्लीत होतं. निरोप खालच्या कचेरीत चार वाजून पाच मिनिटांनी पोचला. वीस मिनिटं! मी हे आकडे तीन परिषदांमध्ये वाचून दाखवले आहेत. लोकांनी माना हलवल्या आहेत. ताईबद्दल ज्यांना माहीत होतं त्यांनी नंतर माझा हात हातात घेतला आहे. आणि मी तो घेऊ दिला आहे.

एक्स्चेंजमधून मी बाहेर पडले, पण घरी गेले नाही. त्याच इमारतीच्या पुढच्या अंगाला सार्वजनिक फोन होता. ताई दोन वाजेपर्यंत औषधांच्या दुकानात कामावर असणार, हे मला माहीत होतं. मी फोन उचलला. भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला, "नंबर?"

मी नंबर सांगितला. त्यांनी आवाज ओळखला. मग त्यांनी कॉल लावला.

ताई आली फोनवर. आम्ही तीन मिनिटं बोललो. इकडचं तिकडचं. मी तिला सांगितलं नाही.

हे वाक्य लिहायला मला अडतीस वर्षं लागली, म्हणून त्याच्यापुढे लगेच काही लिहीत नाही.

का सांगितलं नाही, ते तुम्ही विचाराल. भीती होती, हे खरं. बाबा ऐकतायत, मी तोंड उघडलं तर ते वायर ओढतील असं वाटलं. पण तेवढंच नव्हतं. त्यांनी कॉल लावला ना, तेव्हा मला वाटलं की आता ते स्वतः बोलतील. त्यांनी बोलावं म्हणूनच लावलाय. दोन वर्षांनी ते ताईशी बोलतील, आणि बोलतील ते असं की, पोरी, वर निघून जा. मी त्यांच्यासाठी जागा मोकळी सोडत होते. मधे मधे गप्प राहत होते. आणि ते बहुधा माझी वाट बघत होते. त्यांना वाटलं असेल, ही तर दवंडी, हिच्या पोटात कुठे राहतंय! हुकूम मोडून ही सांगून टाकेल, आणि आपण ऐकलं नाही असं करू.

संध्याकाळी पाणी उतरायला लागलं तेव्हा बाबा घरी आले. आई देवासमोर बसली होती. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "लाइन एकपासून बंद होती."

मी म्हटलं, "हो."

एवढंच. त्यानंतर आमच्यात या विषयावर एक अक्षर झालं नाही. आई आठ वर्षांनी गेली. शेवटपर्यंत म्हणायची, "निदान एक फोन तरी लागायला हवा होता गं." मी तिचं डोकं चेपत असायचे आणि बाबा शेजारच्या खोलीत खुर्ची सरकवायचे.

त्यांनी नोकरी वाचवण्यासाठी खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. कधी वाटतं, मला वाचवण्यासाठी सांगितलं. चिठ्ठी मात्र त्यांनी फाडून टाकली नाही. लिहिली, सही केली, गठ्ठ्यात लावली. चौकशीवाल्यांनी ते गठ्ठे कधी मागितलेच नाहीत.

भावोजी, तुम्ही त्या दिवशी छापखान्याचे खिळे आणायला बाहेरगावी गेला होतात म्हणून आयुष्यभर स्वतःला दोष दिलात. माझ्यासमोर दिलात. मी म्हणायचे, "तुम्ही तरी काय करणार होतात?" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! तुम्ही दरवर्षी येता, बाबांची नखं कापता, त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवता. मी स्वयंपाकघरातून ऐकते आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासते.

म्हणून म्हटलं होतं, मार्चमध्ये येऊ नका. हे न सांगता तुम्हाला दारात बघणं आता मला जमलं नसतं. आता ठरवा तुम्ही.

तुमची,
मेहुणी

*

८ मार्च

प्रिय भावोजी,

तुमचं उत्तर आलं. अकरा ओळी, पेन्सिलीने. अक्षर प्रथमच ओळ सोडून गेलेलं बघितलं. तुमच्या ओळी इथे पुन्हा उतरवते, कारण मी नीट वाचल्या आहेत हे तुम्हाला कळलं पाहिजे.

"फोन झाला होता हे मला माहीत होतं. औषधवाल्यांनी महिन्याभराने सांगितलं. म्हणाले, घरून फोन आला होता, जाताना हसत गेली, मला म्हणाली, आज बाबा बोलले. मी धरून चाललो की फोन सकाळी झाला, लाइन तुटायच्या आधी. बापलेकीचं मिटलं आणि मग ती गेली, एवढ्यावर मी आजवर जगलो. त्याच्यासाठीच मी दरवर्षी तुमच्या दारात येत होतो. बाबांना कधी विचारलं नाही, ते रडतील म्हणून. आता तू लिहितेस, इकडचं तिकडचं बोललो. मला इकडचं तिकडचं नको. ती तीन मिनिटं काय बोलणं झालं ते लिही. बाबा काय बोलले ते लिही. काहीही गाळू नकोस."

मला हे माहीत नव्हतं, भावोजी. ताई दुकानात तसं म्हणून गेली हे मला अडतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. तुमचं पत्र घेऊन मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. बाहेरून बाबा हाका मारत होते, "बाई, पाणी वाया जातंय."

मागच्या पत्रात मी ते गाळलं होतं. सगळं सांगितलं असं दाखवून तेवढं ठेवून घेतलं होतं. तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलंत.

लिहिते. शब्द मला पाठ आहेत. या वर्षांत असा दिवस गेला नाही की ते बोलणं मी मनात पुन्हा ऐकलं नाही.

ताईने फोन उचलला आणि म्हणाली, "औषधांचं दुकान, बोला."

मी म्हटलं, "ताई, मी."

"अगं दवंडे! तू? कुठून बोलतेस? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. सगळे बरे आहेत. मी सहज केला."

"सहज? ट्रंक कॉल सहज? लॉटरी लागली की काय? थांब हं, एक गिऱ्हाईक आहे." मग लांबून तिचा आवाज, कुणाला तरी म्हणत होती की ही गोळी जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी नाही. मग परत, "हां, बोल. आवाज असा का येतोय तुझा? रडतेस?"

"नाही. सर्दी आहे."

"मग वाफ घे. ऐक ना, तुला सांगायचंच होतं. आमच्याकडे शिवणयंत्र आलंय. जुनं आहे, पण चालतं मस्त. ह्यांनी तेल घालून दिलं आणि स्वतःच्याच शर्टाला पहिली टीप मारली, ती बाहीच बंद करून टाकली. मी हसून हसून पडायची बाकी होते."

तुमचं नाव घेताना ती आवाज किंचित खाली आणायची, आठवतं ना? त्या दिवशीही आणला.

मी म्हटलं, "ताई, तू आता घरी जाणार?"

"दोनला सुटेन. का गं?"

मी गप्प राहिले. इथे गप्प राहिले, भावोजी. या जागी. लाइनवर खरखर होती आणि त्या खरखरीत बाबांचा श्वास होता. जेवताना, वाचताना ते नाकाने जसा श्वास सोडायचे तसाच. तो मला ऐकू येत होता आणि ताईलाही आला.

ती हळूच म्हणाली, "बोर्डावर बाबा आहेत का?"

"हो."

"ऐकतायत?"

मग ती मोठ्याने, स्वच्छ बोलली, जसं शाळेत कविता म्हणायची तसं. "बाबा, ऐकताय ना? मी रागावलेली नाहीये. तुम्हीही फार दिवस रागावू नका. माझं बरं चाललंय. तुम्ही एकदा या. दारासमोरच नदी आहे, तुम्हाला आवडेल."

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता. आता ते बोलतील. मी मनात मोजत होते. किती मोजलं ते आठवत नाही.

मग बाबांचा आवाज आला. घोगरा. कामाचा आवाज होता, पण घोगरा.

"तीन मिनिटं झाली."

आणि ताई हसली. तिचं ते नाकातलं हसू. म्हणाली, "बघ! बोलले की नाही?"

वायर निघाली.

एवढंच, भावोजी. याच्या आधी काही नाही आणि याच्या नंतर काही नाही. बाबा जे बोलले ते एवढंच बोलले. हे शब्द ते दिवसातून शंभर वेळा अनोळखी लोकांना म्हणायचे. मी थोडं गोड करून लिहू शकले असते. 'सांभाळून राहा' म्हणाले, असं एक वाक्य घालायला मला काय लागलं असतं? तुम्हाला कोण सांगणार होतं? परवा दुपारी मी तसं लिहिलंही होतं. मग वाचलं आणि लक्षात आलं की मी पुन्हा तक्त्यात शून्य भरते आहे.

फोन ठेवून मी मागच्या दाराने एक्स्चेंजमध्ये गेले. बाबा बोर्डासमोर बसले होते. डबा उघडला नव्हता. बोर्डावरच्या खालच्या गावाच्या भोकावर त्यांनी तळहात ठेवला होता, एखाद्याचं तोंड दाबावं तसा. मी म्हटलं, "परत लावा ना, बाबा." ते म्हणाले, "शहरातून कळवतील." तेव्हा पावणेदोन वाजले होते. ताई अजून दुकानात होती. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, आणि याहून वाईट माझ्याजवळ आता काही उरलेलं नाही.

गेल्या सोमवारी मी त्या विद्यार्थिनीला बोलावलं आणि ती चिठ्ठी परत तक्त्यात घ्यायला सांगितली. ती म्हणाली, "मॅडम, मग निष्कर्षच बदलतो. वाट नव्हती म्हणून बातमी गेली नाही, असं आपण लिहिलंय."

"बदल."

"मग काय लिहू?"

"वाट होती. एकदा वापरलीही गेली. बातमी दिली गेली नाही. कॉल करणारीचं नाव तळटीपेत घाल. मी सांगते." आणि मी माझं नाव सांगितलं. तिने मान वर केली नाही, नुसतं लिहिलं. मग बराच वेळ पेनचं टोपण लावत बसली. जाताना तिने मला पाणी आणून दिलं. लेख जूनमध्ये छापून येईल. बाबांची साक्ष खोटी होती असं त्यात स्पष्ट आहे. माझे सहकारी काय म्हणतील ते म्हणोत.

बाबांना मी काही सांगितलं नाही. सांगून त्यांच्या हाताला काही लागणार नाही. कधीकधी ते सकाळी स्वच्छ असतात, माझ्याकडे नीट बघतात, आणि मला वाटतं की त्यांना सगळं आठवतं आहे, मलाच कळत नाहीये. काल तसेच बघत होते. मी विचारलं, "काय हवंय बाबा?" त्यांनी बघणं थांबवलं.

तुम्ही या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. येऊ नका, असंही म्हणत नाही. तुम्ही दरवर्षी ज्याच्यासाठी येत होता ते या दारात कधीच नव्हतं, आणि तुम्हाला ते असल्यासारखं वाटू दिलं ते आम्ही दोघांनी. ताई मात्र ते खरं मानून दुकानातून निघाली. दोनला निघाली, नदीच्या गल्लीत घरी गेली, आणि पावणेचारपर्यंत तिच्यापुरतं ते खरंच होतं. ते तिच्याकडून काढून घेणं माझ्या हातात नाही, याचं मला बरं वाटतं. तुमच्याकडून काढून घेतलं. मागितलंत म्हणून दिलं, पण हिसकावलं मीच.

यापुढे मला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. काहीच म्हणायचं नसेल तर तेही चालेल. मागच्या दोन पत्रांखाली जे नातं लिहिलं होतं ते या पत्राखाली लिहायला हात धजत नाही. जे तुमच्याही आधीपासूनचं आहे आणि मला सोडता येत नाही, तेवढंच लिहिते.

तिची धाकटी बहीण